रोहिणीची भिंत आणि न थांबणारा निरोप

रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना आपण हृदयाला पंप म्हणतो आणि रक्तवाहिन्यांना नळ्या. रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली दाखवून दिले. तेव्हापासून ही उपमा शिक्षकांच्या कामी आली आहे. रक्त कोणत्या दिशेने जाते, रक्तदाब कशामुळे निर्माण होतो, हे तिच्यामुळे विद्यार्थ्यांना चटकन समजते. परंतु हृदयविकाराचा झटका का येतो हे सांगण्यासाठी आपण तीच उपमा पुढे ओढतो आणि तेथे ती फसते. बोअरचे जड पाणी येणाऱ्या गावात पाइपात क्षार साचतात, पाइप अरुंद होत जातो आणि एक दिवस तुंबतो. तशीच रक्तवाहिनीत चरबी साचते आणि ती तुंबते, असे आपण सांगून मोकळे होतो.

या चित्रात दोन दोष आहेत. पहिला असा की, चरबीचा थर नळीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही; तो भिंतीच्या जाडीत, आत तयार होतो. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. पाइपाची भिंत निर्जीव असते, रक्तवाहिनीची भिंत जिवंत पेशींची असते. या पेशींना बाहेरून निरोप येतात, त्या निरोपांना पेशी उत्तर देतात, आणि रोगाचा बराचसा भाग या उत्तरांतून घडतो. या लेखात आम्ही त्यांपैकी एका प्रकारच्या पेशींचा, म्हणजे रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशींचा, विचार करणार आहोत.

भिंतीचे तीन थर

हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीचा (काही पुस्तकांत हिला धमनी म्हटले आहे) आडवा छेद घेतला तर तीन थर दिसतात. सर्वांत आत रक्ताला लागून चपट्या पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्याला अंतःस्तर म्हणू. मधला थर स्नायुपेशींचा. या पेशी चातीसारख्या, मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या असतात आणि नळीभोवती वेढे दिल्यासारख्या बसलेल्या असतात. त्यांच्यामध्ये लवचीक तंतूंचे पडदे असतात. सर्वांत बाहेर संयोजी ऊतींचे वेष्टण असून त्यातून मज्जातंतू व बारीक रक्तवाहिन्या जातात.

मधल्या थरातील स्नायू अनैच्छिक आहेत. पेशीत कॅल्शियमचे आयन वाढले की ते आकुंचन पावतात आणि नळी अरुंद होते. कडाक्याच्या थंडीत बोटे पांढरी पडतात ती यामुळेच. उलट हे स्नायू सैल पडले की नळी रुंद होते.

हे स्नायू सैल पडावेत असा निरोप कोण देते, याचे एक उत्तर १९८० साली मिळाले. न्यूयॉर्क येथे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य टाकले की पट्टी सैल पडे. पण आतले अस्तर घासून काढलेले असले तर ती सैल पडत नसे. याचा अर्थ, अस्तराच्या पेशी कोणते तरी द्रव्य स्नायूंकडे पाठवीत असल्या पाहिजेत. ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला. या शोधाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड म्युरॅड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीतल्या पेशी एकमेकींशी निरोपांनी जोडलेल्या आहेत, ही गोष्ट यातून पक्की झाली.

दोन रूपांची पेशी

रोहिणीतील स्नायुपेशीचे एक वैशिष्ट्य आहे. हातापायांच्या स्नायूंतील किंवा हृदयातील पूर्ण वाढ झालेली स्नायुपेशी आपले काम सोडून सहसा दुसरे काही करीत नाही. रोहिणीतील स्नायुपेशी मात्र परिस्थिती पाहून रूप बदलते. निरोगी भिंतीत ती आकुंचनाच्या कामाला वाहिलेली असते. भिंतीला इजा झाली तर ती आकुंचनाची प्रथिने कमी करते, विभाजन पावू लागते, जागा सोडून सरकते आणि कोलॅजनसारखे तंतू तयार करून आजूबाजूला सोडते. गवंड्याचे काम हाती घेते म्हणा ना.

प्रयोगशाळेत आम्ही या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तबकडीत ३७ अंश सेल्सियसला वाढवतो, तेव्हा हे रूपांतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. काही दिवसांत तबकडी भरून जाते आणि पेशी एका सपाट थरात न राहता कुठे ढिगाने तर कुठे विरळ अशा बसतात. टेकड्या आणि दऱ्यांसारखा हा देखावा या पेशींची ओळखच मानला जातो.

असे रूप बदलण्याचा निरोप बाहेरून येतो. अशा निरोपांपैकी एकाचा सुगावा १९७४ साली रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांना लागला. रक्त गोठताना रक्तबिंबिकांमधून बाहेर पडणारा एक घटक या स्नायुपेशींना विभाजनास प्रवृत्त करतो, असे त्यांना आढळले. इजा झालेल्या जागी रक्तबिंबिका जमतात आणि तेथेच दुरुस्तीचा निरोप सुटतो, ही योजना सोयीची आहे. दुरुस्ती संपल्यावर निरोप थांबावा आणि पेशीने पुन्हा आपल्या मूळ कामाकडे वळावे, एवढीच अपेक्षा.

भिंतीतला दाह

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. दाहाची ही चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी नोंदवून ठेवली आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी बोलावल्या जातात, त्या जंतूंचा व मेलेल्या पेशींचा निकाल लावतात, आणि चार दिवसांत सारे शांत होते. दाह ही मुळात संरक्षणाची व्यवस्था आहे.

रोहिणीच्या भिंतीतही दाह होऊ शकतो, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्चो यांनी १८५० च्या दशकातच म्हटले होते. पुढे १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत माणसातल्यासारखे थर निर्माण करून दाखवले. कोलेस्टेरॉलचा दोष खरा होता. परंतु त्यानंतर कित्येक दशके लक्ष कोलेस्टेरॉलवर राहिले आणि दाहाची गोष्ट मागे पडली.

ती पुन्हा पुढे येण्यास एक कारण १९८६ साली घडले. पीटर लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, माणसाच्या रक्तवाहिनीतील स्नायुपेशी स्वतःच इंटरल्यूकिन-१ हे द्रव्य तयार करू शकतात. इंटरल्यूकिन-१ हा दाहाचा एक प्रमुख निरोप. तो पांढऱ्या पेशींकडून येतो हे माहीत होते. आता स्नायुपेशी त्या कामात सामील असल्याचे दिसले. दाहाचा त्रास मुकाट्याने सोसणारी ही पेशी दाह वाढवूही शकते, हे त्यातून कळले. मात्र हा दाह भिंतीच्या आत मंदपणे चालतो. त्यात वरून दिसणारी लाली नाही, ठणका नाही. म्हणून वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही.

दारापासून केंद्रकापर्यंत

आता एक निरोप पेशीत कसा शिरतो ते पाहू. पांढऱ्या पेशीने सोडलेला इंटरल्यूकिन-१ चा रेणू स्नायुपेशीपर्यंत पोहोचतो. तो पेशीच्या आत जात नाही. पेशीपटलात रोवलेल्या ग्राही नावाच्या प्रथिनाला तो बाहेरून चिकटतो. दारावरची घंटा बाहेरून वाजवावी आणि आवाज घरात उठावा, तसे हे आहे.

घंटा वाजताच ग्राहीच्या आतल्या टोकापाशी काही प्रथिने गोळा होतात आणि एक विकर कामाला लागते. या विकराचे काम एवढेच की, आय-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाला ठरावीक जागी फॉस्फेटचे दोन गट जोडायचे. हे आय-कप्पा-बी म्हणजे पहारेकरी. त्याने एन-एफ-कप्पा-बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते. फॉस्फेट जोडले गेले की पहारेकऱ्यावर यूबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी लागलेली प्रथिने पेशीतील तोडणी-यंत्रात जाऊन तुकडे तुकडे होतात. पहारेकरी संपला की एन-एफ-कप्पा-बी मोकळे होते आणि केंद्रकात शिरते. तबकडीतल्या पेशींना असा निरोप दिल्यापासून पंधरा ते तीस मिनिटांत ते केंद्रकात पोहोचलेले दिसते.

एन-एफ-कप्पा-बीचा शोधही १९८६ सालचाच. रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांना तो प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना लागला. प्रतिपिंडाच्या कप्पा नावाच्या साखळीवरून त्याला हे नाव पडले. पुढे हे प्रथिन शरीरातील बहुतेक पेशींत असल्याचे आढळले.

केंद्रकात शिरल्यावर ते डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि काही जनुकांचे काम सुरू करते. त्यातून तयार होणारी काही प्रथिने रक्तातील पांढऱ्या पेशींना भिंतीकडे खेचतात, काही त्यांना धरून ठेवतात, आणि इंटरल्यूकिन-६ सारखी काही दूरवर, यकृतापर्यंत निरोप नेतात. यकृत मग सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन तयार करते. रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीआरपी’ म्हणून येते ते हेच. भिंतीत चाललेल्या मंद दाहाची ती दुरून मिळणारी खूण आहे. मात्र सीआरपी साध्या तापातही वाढते, हे विसरून चालणार नाही.

लगाम असूनही

या साखळीत एक नामी सोय आहे. एन-एफ-कप्पा-बी जी जनुके चालू करते, त्यांत खुद्द पहारेकऱ्याचे जनुकही असते. म्हणजे मोकळे सुटलेले प्रथिन स्वतःच नवा पहारेकरी घडवण्याचा हुकूम देते. नवा पहारेकरी केंद्रकात येतो, एन-एफ-कप्पा-बीला डीएनएवरून सोडवतो आणि बाहेर घेऊन जातो. निरोप असा आपोआप मिटतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २००४ साली चमकणारी प्रथिने वापरून जिवंत पेशींत हे दृश्य पाहिले. बाहेरून निरोप येतच राहिला तर हे प्रथिन केंद्रकात आत-बाहेर अशा फेऱ्या मारते, आणि एका फेरीला सुमारे १०० मिनिटे लागतात.

लगाम इतका चांगला असताना रोग का होतो? आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. लगाम पेशीच्या आत आहे, पण घंटा बाहेरून वाजते. घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली तर नवा पहारेकरीही पुन्हा पुन्हा तोडला जातो.

घंटा वाजवणारे अनेक आहेत. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तात जास्त असले की ते अस्तराखाली अडकून राहतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. रोहिणीला जेथे फाटे फुटतात तेथे प्रवाह सरळ राहत नाही, म्हणून हे प्रथम तेथे घडते. तंबाखूचा धूर अस्तराला इजा करतो आणि नायट्रिक ऑक्साइडचा शांतवणारा निरोप क्षीण होतो. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन-२ हे द्रव्यही यात आहे. ते स्नायूंना आकुंचन पावायला लावते हे जुने ज्ञान. १९९४ साली अमेरिकेतील एमरी विद्यापीठात कॅथी ग्रिंडलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, त्याच द्रव्यामुळे रोहिणीतील स्नायुपेशींतील एक विकर ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार करू लागते. असे रेणू दाहाच्या साखळीला चालना देतात. उच्च रक्तदाब आणि दाह हे एकाच घरचे पाहुणे कसे, ते यावरून लक्षात येईल.

याहून मोठी अडचण पुढे आहे. स्नायुपेशीने बोलावलेल्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, अडकलेले एलडीएल गिळतात आणि फुगतात. याच पेशी इंटरल्यूकिन-१ सोडतात, आणि ते पुन्हा स्नायुपेशीचीच घंटा वाजवते. स्नायुपेशी आणखी पांढऱ्या पेशी बोलावते. निरोपाचे असे वर्तुळ तयार झाले की मूळ कारण कमी झाले तरी ते काही काळ आपल्या गतीने फिरत राहते. काट्याचा दाह काटा निघाला की शमतो. येथे काटा रोज नव्याने रुततो.

या गोंधळात स्नायुपेशी आपले रूपही बदलतात. काही तर स्वतः चरबी गिळून पांढऱ्या पेशींसारख्या दिसू लागतात. माणसाच्या हृदयरोहिण्यांतील थरांत चरबीने फुगलेल्या ज्या पेशी आढळतात, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास मूळच्या स्नायुपेशी असाव्यात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. त्यापूर्वी त्या सरसकट पांढऱ्या पेशींच्या खाती जमा केल्या जात.

पापुद्रा फाटतो तेव्हा

येथे एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील: स्नायुपेशी मग आपल्या शत्रू आहेत का? तसे म्हणता येणार नाही. चरबीच्या साठ्यावर कोलॅजनचा पापुद्रा चढवून त्याला रक्तापासून दूर ठेवण्याचे काम याच पेशी करतात. पापुद्रा जाड व मजबूत असेल तर माणूस अनेक वर्षे बिनघोर राहू शकतो.

दाह चालू राहिला तर मात्र दोन गोष्टी घडतात. पांढऱ्या पेशींतून येणारे काही निरोप स्नायुपेशींना कोलॅजन तयार करू देत नाहीत, आणि कोलॅजन तोडणारी विकरे तेथे वाढतात. पापुद्रा झिजत जातो. अमेरिकेतील रेणू विरमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या हृदयरोहिण्या तपासल्या तेव्हा फाटलेले पापुद्रे बहुतांशी ६५ मायक्रोमीटरपेक्षा पातळ आढळले. ही जाडी डोक्याच्या एका केसाएवढी. असा पापुद्रा फाटला की आतील द्रव्यांचा रक्ताशी संपर्क येतो, काही मिनिटांत गुठळी होते आणि रक्ताची वाट बंद पडते. म्हणूनच काल-परवापर्यंत कसलाही त्रास नसलेल्या माणसाला अचानक झटका येतो. हळूहळू तुंबणाऱ्या पाइपाच्या उपमेने या अचानकपणाचा उलगडा होत नाही.

निरोप थांबवता येईल का?

दाहाचा निरोप मध्येच अडवला तर झटके कमी होतील का, हे पाहण्यासाठी मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ रुग्ण तीत होते. इंटरल्यूकिन-१ ला पकडून ठेवणारे कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड त्यांच्यापैकी काहींना दिले गेले. १५० मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्यांमध्ये झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. एलडीएल मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे दाह नुसता सोबती नसून कारणांपैकी एक आहे, याचा हा थेट पुरावा होता. पण औषध घेणाऱ्यांमध्ये जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. जी आग भिंत पोखरते तीच जंतूंपासून आपले रक्षण करते. ती पुरती विझवणे परवडत नाही.

दुसरा प्रयत्न कॉल्चिसीन या जुन्या औषधाचा. वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, ते फार पूर्वीपासून दिले जाते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानांत व कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या बियांत व कंदात कॉल्चिसीन असते. ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्समधील ५,५२२ रुग्णांवरील चाचणीत (२०२०) रोज अर्धा मिलिग्रॅम कॉल्चिसीन घेणाऱ्यांत अशा घटना सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली या उपयोगास मान्यता दिली. उलट, नुकताच झटका येऊन गेलेल्या ७,०६२ रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ साली आले, फायदा दिसला नाही. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कळलावी अत्यंत विषारी आहे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत येथे फार थोडे अंतर असते. घरगुती उपाय म्हणून तिचा कोणताही भाग पोटात घेणे जिवावर बेतते, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे.

तूर्त सर्वांच्या हाती असलेला मार्ग घंटा वाजवणारे हात कमी करण्याचा आहे. तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे, एलडीएल वाढले असल्यास वैद्यकीय सल्ल्याने उपचार घेणे, या ओळखीच्या सूचनांमागचे कारण आता अधिक नेमके सांगता येईल.

वर्गात करून पाहण्याजोगे

ही साखळी दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन खेळाच्या रूपाने दाखवता येते. खडूने जमिनीवर एक मोठे वर्तुळ काढावे, ती पेशी. फळ्याजवळचा कोपरा केंद्रक समजावा. एक विद्यार्थी वर्तुळाच्या कडेवर उभा राहील, तो ग्राही. आत एकजण पहारेकरी होऊन दुसऱ्याचा, म्हणजे एन-एफ-कप्पा-बीचा, हात धरून ठेवील. विकर झालेला विद्यार्थी ग्राहीजवळ थांबेल.

बाहेरून कोणी ग्राहीच्या खांद्यावर थाप मारली की विकराने पहारेकऱ्याला चिठ्ठी लावून वर्तुळाबाहेर पाठवावे. सुटलेल्याने फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात: ‘पांढऱ्या पेशींना बोलवा’ आणि ‘नवा पहारेकरी पाठवा’. नवा पहारेकरी येऊन त्याला परत जागेवर नेईल. प्रथम एकच थाप मारून खेळ करावा. दोन मिनिटांत सारे शांत होईल.

नंतर नियम बदलावा. फळ्यावरील हाकेसरशी आलेली प्रत्येक पांढरी पेशी ग्राहीच्या खांद्यावर पुन्हा थाप मारील. आता खेळ थांबतच नाही आणि पहारेकरी अपुरे पडतात, हे मुलांच्या आपसूक लक्षात येईल. मग त्यांना विचारावे की, हा खेळ थांबवायचा तर कोणाला रोखाल? ग्राहीला, विकराला, पांढऱ्या पेशींना, की पहिली थाप मारणाऱ्याला? प्रत्येक उत्तराचे फायदे-तोटे त्यांना मांडू द्यावेत. औषधे शोधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे.